रिकामी खुर्ची आणि अनुभवी कारकून

सरकारी खात्यांतील पदोन्नतीचा विषय निघाला की तो कर्मचाऱ्यांचा खासगी प्रश्न मानून बाजूला सारण्याची आपल्याकडे प्रथा आहे. गोव्यासारख्या छोट्या राज्यात हा प्रश्न केवळ पगारापुरता उरत नाही. मामलेदार कचेरीत दाखल झालेले फेरफाराचे प्रकरण असो, पंचायतीचा परवाना असो की निवृत्तिवेतनाची कागदपत्रे असोत, ती पुढे सरकणे हे मधल्या फळीतील अनुभवी माणसावर अवलंबून असते. ही फळी आज दीर्घ प्रतीक्षेत अडकलेली दिसते.

कनिष्ठ कारकून, वरिष्ठ कारकून, मुख्य कारकून आणि अधीक्षक अशी ही शिडी आहे. वर जावे तशी पायरी अरुंद होत जाते, आणि त्यात गैर काही नाही. प्रत्येक कारकून अधीक्षक होऊ शकत नाही. तक्रार आहे ती रिकाम्या जागाही वेळेवर भरल्या जात नाहीत याची. पंचविशीत पदवी घेऊन सेवेत आलेला माणूस पन्नाशीला टेकतो, साहेबांची टिपणे तयार करतो, नव्या अधिकाऱ्यांना नियम समजावून देतो, आणि तरीही कागदोपत्री दुसऱ्याच पायरीवर राहतो.

या कोंडीवर उपाय म्हणून केंद्राने १९९९ मध्ये आश्वासित प्रगती योजना आणली. तीत १२ व २४ वर्षांनंतर वरची वेतनश्रेणी मिळे. सहाव्या वेतन आयोगानंतर १ सप्टेंबर २००८ पासून तिची जागा सुधारित योजनेने घेतली आणि १०, २० व ३० वर्षांचे टप्पे आले. योजनेमागचा हेतू चांगला होता. पण तिचे गणित नीट पाहावे. सातव्या वेतन आयोगाच्या तक्त्यात कनिष्ठ कारकुनाचा प्रारंभ स्तर २ वर, म्हणजे १९,९०० रुपयांवर होतो. वरिष्ठ कारकून झाल्यास तो स्तर ४ वर, म्हणजे २५,५०० च्या रकान्यात जातो. सुधारित योजनेत मात्र दहा वर्षांनी मिळतो तो फक्त पुढचा स्तर, २१,७०० चा. एकही पदोन्नती न मिळता ३० वर्षे काढणारा माणूस तीन पायऱ्या चढून स्तर ५ पर्यंत पोहोचतो. त्याच्या वेतनात थोडी भर पडते. पदनाम, अधिकार आणि सहीचा हक्क मात्र जिथल्या तिथे राहतात. शिवाय या योजनेमुळे सरकारवरचा दबावही ओसरला. वेतनवाढ मिळाली, मग पदोन्नतीची घाई कशाला, असा सोयीचा युक्तिवाद तयार झाला.

कायदा या बाबतीत बराच स्पष्ट आहे. पदोन्नती हा हक्क नाही. परंतु पात्र कर्मचाऱ्याचा पदोन्नतीसाठी विचार होणे हा राज्यघटनेच्या अनुच्छेद १६ खालील मूलभूत हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९९ च्या अजित सिंग प्रकरणात म्हटले. २००८ च्या देव दत्त निकालाने गोपनीय अहवालातील प्रत्येक शेरा संबंधित कर्मचाऱ्याला कळवणे बंधनकारक ठरवले. पाठोपाठ २००९ मध्ये केंद्राने अहवालाची प्रत देण्याची आणि त्यावर १५ दिवसांत निवेदन करण्याची पद्धत घालून दिली.

मग घोडे अडते कुठे? विभागीय पदोन्नती समिती बसण्यासाठी चार गोष्टी तयार असाव्या लागतात: अंतिम ज्येष्ठता यादी, अद्ययावत भरती नियम, आरक्षणाची बिंदुनामावली आणि मागील पाच वर्षांचे मूल्यमापन अहवाल. यांपैकी एक जरी अपुरी असली तरी बैठक पुढे ढकलली जाते. ज्येष्ठता यादीवरील हरकती निकाली काढायला कोणी बसत नाही. अहवाल लिहिणारा अधिकारी बदलून गेलेला असतो. काम तर थांबवता येत नाही, म्हणून तदर्थ पदोन्नती किंवा अतिरिक्त कार्यभार हा मार्ग निघतो. तदर्थ आदेशात ज्येष्ठतेचा दावा करता येणार नाही, असे कलम ठरलेलेच असते. अशा रीतीने माणूस वरच्या पदाचे सगळे काम करतो, पण ते पद त्याचे होत नाही. काहीजण याच तदर्थ अवस्थेत साठाव्या वर्षी निवृत्त होतात. आपली खुर्ची कधीही जाऊ शकते हे ठाऊक असलेला अधिकारी ठाम निर्णय घेण्यास कचरतो, आणि त्याची किंमत खिडकीबाहेर उभा असलेला नागरिक मोजतो.

या साखळीचे दुसरे टोक बेरोजगार तरुणांपर्यंत जाते. अधीक्षकाची एक जागा नियमितपणे भरली की मुख्य कारकुनाची एक जागा रिकामी होते, तिच्यामागून वरिष्ठ कारकुनाची, आणि शेवटी कनिष्ठ कारकुनाची जागा थेट भरतीसाठी मोकळी होते. म्हणजे वरच्या एका निर्णयाने चार घरांत आनंद होतो. उलट, निवृत्त अधिकाऱ्याला मुदतवाढ किंवा कंत्राटी नेमणूक दिली की ही चारही दारे एकदम बंद होतात. २०१९ च्या कायद्याने कर्मचारी निवड आयोग आणून प्रवेशाची पायरी शिस्तीत आणण्याचा प्रयत्न झाला. मधल्या पायऱ्यांना तशीच शिस्त लावण्याची गरज आहे.

येथे दुसरी बाजूही मांडली पाहिजे. केवळ वर्षे मोजून ज्येष्ठ पद द्यावे, हा आग्रह टिकणारा नाही. वीस वर्षांचा अनुभव आणि एकाच वर्षाचा वीस वेळा घेतलेला अनुभव यांत फरक असतो. ई-ऑफिसपासून दूर पळणाऱ्या, फाइलवर निर्णय सुचवण्याऐवजी 'आदेशार्थ सादर' एवढेच लिहिणाऱ्या कर्मचाऱ्याला अधीक्षक करून जनतेचे हित साधणार नाही. केंद्रातील काही सेवांप्रमाणे ठरावीक जागा मर्यादित विभागीय स्पर्धा परीक्षेने भराव्यात, म्हणजे कर्तबगार माणसाला रांगेत म्हातारे व्हावे लागणार नाही. जुने गोवे येथील प्रशासन व ग्रामविकास संस्थेतील प्रशिक्षण पदोन्नतीशी जोडता येईल.

कर्मचाऱ्यांनीही सावध राहायला हवे. तात्पुरती ज्येष्ठता यादी प्रसिद्ध होताच ती वाचून मुदतीत लेखी हरकत द्यावी, स्वमूल्यमापनात वर्षभरातील कामाचा नेमका तपशील लिहावा, आणि अहवालाची प्रत मागून घ्यावी. मंत्र्यांच्या दारात दिलेल्या अर्जापेक्षा वेळेवर नोंदवलेली हरकत न्यायालयात अधिक टिकते.

सरकारकडून अपेक्षा मोठ्या खर्चाची नाही. येत्या वर्षात कोण कधी निवृत्त होणार हे प्रत्येक खात्याला आधीच ठाऊक असते. त्यानुसार समितीच्या बैठकांचे वार्षिक वेळापत्रक जाहीर करावे, दरवर्षी अंतिम ज्येष्ठता यादी संकेतस्थळावर ठेवावी, तदर्थ नेमणुकीला कालमर्यादा घालावी आणि ती ओलांडल्यास खातेप्रमुखाकडून लेखी कारण मागावे. आगामी अधिवेशनात विरोधकांनी रिक्त पदांची संख्या विचारण्याबरोबरच प्रत्येक खात्याची समिती शेवटची कधी बसली, हेही विचारावे. त्या तारखांवरून कोणत्या खात्यात काम तुंबले आहे, ते लोकांना कळेल.