४८ तासांचा दाखला

मोज्यांना घामाचा वास येऊ नये म्हणून कापडात मिसळलेली नॅनो चांदी धुण्याच्या पाण्याबरोबर सांडपाण्यात उतरते, हे ॲरिझोना स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी २००८ मध्येच दाखवून दिले. असे पदार्थ जलचरांना घातक आहेत का, हे ठरवणारी एक प्रचलित चाचणी ४८ तासांत आटोपते. तेवढ्या वेळात डॅफ्निया हा चिमुकला जीव हालचाल करीत राहिला, तर धोका कमी मानला जातो. पण टायटॅनियम डायऑक्साइडच्या नॅनोकणांबाबत २०११ मध्ये प्रसिद्ध झालेले प्रयोग वेगळेच सांगतात. कण डॅफ्नियाच्या कवचावर बसतात. पहिली कात टाकताना ते निघून जातात, पुन्हा थर चढतो आणि पुढची कात अडते. मृत्यू येतो तो दोन दिवसांची मुदत उलटून गेल्यावर. म्हणजे चाचणी संपते तिथे अपाय सुरू होतो.

यावर म्हटले जाते, की काचेच्या भांड्यातले निष्कर्ष निसर्गाला लावू नयेत. ते रास्तच आहे. म्हणूनच कॅनडातील ओंटारियो प्रांतात शास्त्रज्ञांनी एका अख्ख्या तळ्यात २०१४ आणि २०१५ च्या उन्हाळ्यांत नॅनो चांदी सोडली. पाण्यातले तिचे प्रमाण लिटरमागे काही मायक्रोग्रॅमच्या घरात होते. तरीही यलो पर्च माशांच्या शरीरात चांदी साठली, त्यांची संख्या घटली आणि त्यांना खाणाऱ्या पाइक माशांची वाढ मंदावली. नद्यांत एवढी चांदी सहसा नसते, हे मान्य. मात्र तळ्यातला प्रयोग थांबवता आला, घराघरांतून वाहणारे सांडपाणी थांबत नाही. शुद्धीकरण केंद्रात बरीचशी चांदी सल्फाइड बनून निरुपद्रवी होते, हा आक्षेपही खरा आहे. पण त्यासाठी सांडपाणी आधी केंद्रापर्यंत पोहोचायला हवे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२०-२१ च्या आकडेवारीनुसार देशातील शहरांत रोज सुमारे ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी तयार होते आणि त्यातल्या जेमतेम २०,२३६ दशलक्ष लिटरवर प्रक्रिया होते.

नॅनो तंत्रज्ञानाचे औषधनिर्मितीतील मोल कुणी नाकारत नाही. त्यावर सरसकट बंदी घालणे अविचाराचे ठरेल. पण फ्रान्सने २०१३ पासून उत्पादकांना अशा पदार्थांची वार्षिक नोंद सक्तीची केली, तशी नोंद आपल्याकडेही हवी. वेष्टनावर स्पष्ट उल्लेख आणि विक्रीपूर्वी जलचरांच्या किमान एका पिढीवरची चाचणी कायद्याने बंधनकारक करावी. अपाय नसल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी माल विकणाऱ्याची आहे. ती नदीवर आणि नदीचे पाणी पिणाऱ्यांवर ढकलता येणार नाही.