सही कोण करणार?

गेल्या रविवारी मिसळ खायला गेलो होतो. भिंतीवरच्या टीव्हीत चार माणसं एका धर्माच्या नावाने ओरडत होती. मग ब्रेक: हसरं कुटुंब, वाफाळता चहा. ब्रेक संपला, परत तेच! जून २०२३ मध्ये आपल्याच कोल्हापुरात मोबाइल स्टेटसवरून दगडफेक झाली, दुकानं बंद, नेट बंद. तेव्हापासून असला आरडाओरडा मला करमणूक वाटत नाही. आणि त्याचे पैसे माझ्या चहाच्या पुड्यातून जातात, हे तर अजिबात पटत नाही.

मग कंपन्या जाहिरात काढत का नाहीत? नेहमीचं उत्तर म्हणजे, प्रेक्षक तिथे आहेत. पण टीआरपी घोटाळा गाजल्यावर ऑक्टोबर २०२० ते मार्च २०२२ 'बार्क'ने एकेका न्यूज चॅनेलचं रेटिंग दिलंच नाही. आकडे नव्हते, तरी जाहिराती चालूच!

मला विचाराल तर खरं कारण डिफॉल्ट सेटिंग. आमच्या धंद्यात जुनी सेटिंग तशीच ठेवली तर कोणी विचारत नाही. बदलली आणि काही बिघडलं, की पहिला फोन तुम्हाला. इथेही तसंच. एजन्सी बऱ्याच चॅनेलांवरचा वेळ एकगठ्ठा घेते. जाहिरात चालू ठेवायला कुणाची सही लागत नाही, काढायला लागते. नोकरदार मॅनेजर ती कशाला करेल?

ऑक्टोबर २०२० मध्येच राजीव बजाज यांनी सांगितलं, की बजाज ऑटोने तीन चॅनेल काळ्या यादीत टाकलेत. पार्ले प्रॉडक्ट्सनेही विखारी चॅनेलांना जाहिरात देणार नाही म्हटलं. दोन्ही कंपन्या घराण्यांच्या. मालकाला वर विचारावं लागत नाही ना!

त्याच महिन्यात तनिष्कने मुस्लिम सासरी हिंदू सुनेचं डोहाळजेवण दाखवणारी जाहिरात ट्रोलिंग होताच काही दिवसांत मागे घेतली. कारणांत दुकानातल्या कर्मचाऱ्यांची काळजीही होती, मान्य. म्हणजे कंपन्यांना घाई जमते. पण ज्याचा दंगा मोठा, त्याच्यासाठी.

चॅनेल बंद करा असं मी म्हणत नाही. त्यांनी खुशाल बोलावं. पण त्यासाठी पैसे पुरवलेच पाहिजेत असा काही कायदा नाही.

आपण सभ्य माणसं गुपचूप चॅनेल बदलतो. ते कंपनीला कुठून कळणार? म्हणून घरी येऊन त्या चहावाल्यांना मेल टाकला. चारच ओळी, खाली माझं नाव. त्यांच्या मॅनेजरने सही करायची तर आधी माझी तरी नको का?

असो. उत्तर आलं तर कळवतोच.