काठी कुणाच्या हातात? झेन शिबिरातली जाग आणि आपला अप्पमाद

"काय गं, भिंतीकडे तोंड करून बसायला सात दिवसांची रजा टाकलीस? आपल्या वस्तीत भिंती कमी आहेत का?"

आमच्या विहारात रोज संध्याकाळी येऊन बसणाऱ्या एका काकांनी मला हे विचारलं. नामांतराच्या आंदोलनात तुरुंगात जाऊन आलेला माणूस, त्यांना उलट उत्तर देणं मला जमत नाही. शिवाय प्रश्न चुकीचाही नव्हता.

ध्यानाबद्दल आपल्या चळवळीत दोनच मतं ऐकू येतात. एक म्हणजे ध्यान ही पळवाट आहे, पोट भरलेल्यांची करमणूक आहे. दुसरं म्हणजे ध्यान हाच खरा धम्म, बाकी सगळं राजकारण. इगतपुरीहून दहा दिवसांनी परतलेले आणि मोर्चातून परतलेले एकमेकांशी बोलत नाहीत, बोलले तर भांडतात. मला दोघांचंही म्हणणं अर्धवट वाटतं. का, ते सांगायला मी एका अगदी साध्या अडचणीपासून सुरुवात करते. झोपेपासून.

झेनच्या दीर्घ शिबिराला 'सेशिन' म्हणतात. मनाला एकत्र आणणं, असा त्याचा अर्थ. (झेन हा शब्द आपलाच आहे. ध्यानाचं पालीत झान झालं, चीनमध्ये चान आणि जपानमध्ये झेन.) मी गेले ते सेशिन सात दिवसांचं होतं. पहाटे साडेचारला घंटा, रात्री नऊला दिवे बंद. दिवसभर बसणं, मधे संथ चालणं, जेवण, थोडं श्रमाचं काम आणि पुन्हा बसणं. बोलायचं नाही, वाचायचं नाही. डोळे मिटायचे नाहीत, अर्धे उघडे ठेवून खाली नजर ठेवायची. जपानमध्ये ८ डिसेंबर हा बुद्धांच्या संबोधीचा दिवस मानतात. त्याआधी १ तारखेपासून जे 'रोहात्सु' सेशिन चालतं ते वर्षातलं सर्वांत कडक. रिंझाई पंथाच्या अनेक मठांत त्या आठवड्यात कुणी आडवंच होत नाही, बसल्या जागी घटकाभर डोळा लागेल तेवढीच झोप.

अशा ठिकाणी माणसाचा शत्रू पाप, वासना वगैरे मोठं काही नसतं. शत्रू म्हणजे पेंग. पहिले दोन दिवस तर शरीर वर्षभराची थकबाकी वसूल करत असतं. दुपारच्या जेवणानंतर भिंतीवरचा डाग हलायला लागतो, हनुवटी छातीला टेकते, आणि आपण दचकून जागे होतो तेव्हा शेजारच्याने पाहिलं की काय याचीच लाज आधी वाटते.

झेन परंपरेला झोपेचा किती राग आहे ते तिच्या एका दंतकथेतून कळतं. ध्यानात डोळा लागला म्हणून बोधिधर्माने स्वतःच्या पापण्या कापून फेकल्या आणि त्या पडल्या तिथे चहाची झाडं उगवली म्हणे. आता याच्याशेजारी पाली सुत्तातला एक प्रसंग ठेवून बघा. मोग्गल्लान, जो पुढे बुद्धांच्या दोन अग्रश्रावकांपैकी एक झाला, तो मगधातल्या एका गावी बसल्या बसल्या पेंगतोय. बुद्ध त्याला रागवत नाहीत. उपाय सांगतात, तेही पायरीपायरीने. ज्या विचारात गुंतून पेंग येते तो सोड. नाही जमलं तर शिकलेल्या धम्माचा विचार कर. तेही नाही जमलं तर मोठ्याने म्हण. कान ओढ, हातपाय चोळ. उठून डोळ्यांना पाणी लाव, चारी दिशांना बघ, वर चांदण्यांकडे बघ. मनात उजेड आण. येरझाऱ्या घाल. आणि एवढं करूनही झोप जात नसेल तर उजव्या कुशीवर झोप, मात्र उठायचं मनाशी ठरवून झोप.

मला यातली शेवटची पायरी फार महत्त्वाची वाटते. थकणं हा गुन्हा नाही, हे बुद्धांना ठाऊक होतं. आपल्या लोकांना पिढ्यान् पिढ्या 'आळशी' म्हटलं गेलं, आणि म्हणणारे ते होते ज्यांची कामं आपण करत होतो. त्यामुळे कुणाच्या थकव्याला आळस म्हणतात आणि कुणाच्या थकव्याला विश्रांतीची गरज म्हणतात, इकडे माझं लगेच लक्ष जातं. बुद्धांच्या यादीत पाणी आहे, चांदण्या आहेत, झोपसुद्धा आहे. काठी नाही.

झेनमध्ये काठी आहे. सोतो पंथात तिला क्योसाकू म्हणतात, रिंझाईत केइसाकू. चपटी, लांब लाकडी पट्टी. एक जण ती घेऊन बसलेल्यांच्या ओळींमधून फिरतो. सोतोमध्ये साधारणपणे ज्याला झोप येतेय तो स्वतः हात जोडून ती मागतो, दोघे एकमेकांना वाकून नमस्कार करतात आणि खांद्याच्या स्नायूवर फटका बसतो. ही शिक्षा नाही, आखडलेले खांदे मोकळे होतात, मंजुश्रीची तलवार आहे ती, असं सगळं मला तिथे नीट समजावून सांगितलं होतं. घेतलेल्यांनीही सांगितलं की बरं वाटतं. मी ते खोटं मानत नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी मागून पावलं ऐकू आली. माझ्या शेजारच्या बाईने हात जोडले. फट्, फट्. मी तेव्हा पुरती पेंगत होते, गरज मलाच जास्त होती. पण माझे हात वर येईनात. माझ्या आजोबांच्या पाठीवर काठीचा वळ होता. त्यांनी तो कधी दाखवला नाही, आजी सांगायची. ज्या घरात काठीचा इतिहास असा, त्या घरातल्या नातीने ती हात जोडून मागायची? पावलं पुढे गेली.

यात मी काही मोठं केलं असं नाही. उलट अडचण वाढली. काठी नाकारली म्हणजे जागं राहायची जबाबदारी पूर्ण माझ्यावर आली. मग मी मोग्गल्लानाची यादी कामाला लावली. दुपारी निम्मंच जेवले. सुट्टीत खाटेवर पडायचं सोडून बाहेर चालले, डोळ्यांवर गार पाणी मारलं. मान झुकली की श्वास एकपासून पुन्हा मोजायचा, किती वेळा चुकलं याचा हिशेब ठेवायचा नाही. पाठीचा कणा सरळ राहिला तर पेंग निम्मी होते, हे मला पाचव्या दिवशी कळलं. ते पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

नंतर वाचनात आलं की काठी बाजूला ठेवणारे खुद्द झेनमध्येच होऊन गेलेत. क्योतोच्या अंताइजी मठात कोशो उचियामा यांनी पाच दिवसांची सेशिनं चालवली. पहाटे चार ते रात्री नऊ, पन्नास मिनिटांच्या चौदा बैठकी, मधे दहा दहा मिनिटं चालणं आणि तीन वेळा जेवण. प्रवचन नाही, काम नाही, काठी नाही. देखरेख करणाऱ्यानेही भिंतीकडेच तोंड करून बसायचं, म्हणजे कोण पेंगतंय हे बघणारा कुणीच नाही. त्यांचं म्हणणं साधं होतं. कुणी बघतंय म्हटलं की माणूस त्याच्यासाठी बसायला लागतो, आणि काठी हे कंटाळा घालवायचं खेळणं होऊन बसतं.

एम.ए.ला समाजशास्त्रात गॉफमन वाचला होता. त्याने १९६१च्या 'असायलम्स'मध्ये तुरुंग, लष्करी बराकी आणि मनोरुग्णालयांच्या रांगेतच मठही बसवले. दिवसाचा प्रत्येक तास दुसऱ्याने आखलेला, बाहेरचं जग तोडलेलं. अशा जागी माणूस शिस्तीत वागतो यात नवल नाही. ती शिस्त त्याची स्वतःची किती आणि घंटेची किती, हे घरी परतल्यावर कळतं. आणि दुसऱ्याच्या घंटेवर जागी होणारी माणसं कुणालाही हवी असतात. ब्रायन व्हिक्टोरिया हे स्वतः सोतो पंथाचे दीक्षित भिक्षू. त्यांनी १९९७च्या 'झेन अ‍ॅट वॉर'मध्ये दाखवलं की जपानी साम्राज्याच्या युद्धांना झेन आचार्यांनी कसा आशीर्वाद दिला. १९९२मध्ये सोतो पंथाने याबद्दल जाहीर माफीही मागितली. युद्धानंतर जपानी कंपन्या आपल्या नव्या नोकरदारांना शिस्त लागावी म्हणून झेन मंदिरांत बसवायला पाठवू लागल्या.

पण मला सगळ्यात जास्त अस्वस्थ केलं ते वेगळ्याच गोष्टीने. जपानमध्ये बुराकू समाज आहे. चामड्याचं, मेलेल्या जनावरांचं, फाशी देण्याचं काम ज्यांच्या माथी मारलं गेलं ते हे लोक. १८७१मध्ये कायद्याने मुक्तता झाली, पण लग्न आणि नोकरीच्या वेळी घराणं तपासणं थांबलं नाही. १९२२मध्ये त्यांनी क्योतोत सुइहेइशा ही स्वतःची संघटना उभी केली. मृताला धम्मनाव द्यायची पद्धत जपानी बौद्धांमध्ये आहे. बुराकू मृतांना मंदिरांनी जी नावं दिली त्यांत 'जनावर', 'चामडं' अशा अर्थांची अक्षरं घातली, ती थडग्यांच्या दगडांवर कोरली आणि मंदिराच्या नोंदवहीत लिहिली. पुढे त्याच वह्या चाळून कोण कुठल्या कुळातला ते शोधलं जाई. मेल्यावरही जात सुटली नाही, आणि ती लिहिणारा हात एका बौद्ध भिक्षूचा होता.

१९७९मध्ये अमेरिकेत प्रिन्स्टनला धर्म आणि शांतता या विषयावर जागतिक परिषद भरली होती. तिथे सोतो पंथाचे सरचिटणीस सोयू माचिदा यांनी जपानमध्ये असा भेदभाव नाहीच म्हणून सांगितलं आणि अहवालातला बुराकूंचा उल्लेख काढायला लावला. बुराकू संघटनांनी पाठ सोडली नाही. १९८४मध्ये त्यांना ते विधान मागे घ्यावं लागलं, आणि पंथाने नोंदवह्या, दगड तपासायला घेतले.

विचार करा. पहाटे चारला उठणारी, पेंग आली तर खांद्यावर फटका घेणारी, तासन् तास डोळे उघडे ठेवणारी परंपरा. आणि तिच्याच मंदिराच्या अंगणातल्या दगडावर काय कोरलंय ते तिला शेकडो वर्षं दिसलं नाही.

त्याच पंथात गुदो उचियामा नावाचा एक भिक्षू होऊन गेला. हाकोनेच्या डोंगरातल्या गरीब गावाचं मंदिर त्याच्याकडे होतं. कुळांनी खंड देऊ नये, जमीन कसणाऱ्याची व्हावी, असं तो लिहायचा आणि मंदिरात लपवलेल्या छापखान्यावर छापायचा. सरकारने पकडलं, १९१०मध्ये पंथाने त्याला काढून टाकलं, २४ जानेवारी १९११ला फाशी झाली. पंथाने त्याचं भिक्षुपद परत दिलं ते १९९३मध्ये. तोही बसतच होता. पण त्याला समोरचा शेतकरी दिसत होता.

आपण दर रविवारी विहारात पंचशील म्हणतो. पाचव्या शीलात 'पमादट्ठाना' हा शब्द येतो. दारू सोडा, एवढाच अर्थ आपण लावला. पमाद म्हणजे गाफीलपणा, ज्यामुळे माणूस गाफील होतो ते सोडायचं. त्याच्या उलट अप्पमाद, आणि बुद्धांचा अखेरचा उपदेश अप्पमादाचाच होता. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'च्या प्रस्तावनेत विचारलं होतं की भिक्षू कशासाठी घडवला, परिपूर्ण माणूस म्हणून की समाजाचा सेवक म्हणून. त्या प्रश्नाचा अर्थ 'बसू नका' असा मला लागत नाही. बसून कुणाला जागं झालात, असा लागतो.

आता माझी चूक सांगते. चौथ्या रात्री मी नियम मोडला आणि पिशवीतला फोन चालू केला. वस्तीतल्या एका बाईचे तीन मिस्ड कॉल होते. नवऱ्याविरुद्धच्या तक्रारीत तिची दुसऱ्या दिवशी तारीख होती, मी सोबत जाणार होते. रजा मी टाकली होती, पण तिचं काम कुणाकडे सोपवलंच नव्हतं. पाच मिनिटांत सहकाऱ्याला निरोप गेला, तो तिच्यासोबत गेला, निभावलं. पण तीन दिवस भिंतीसमोर मी पेंगेशी झुंजत होते आणि खरा पमाद घरून निघतानाच होऊन गेला होता. तो कुठल्याही काठीला सापडला नसता.

यंदा पुन्हा जाणार आहे. निघण्याआधी कामांची यादी नावांसकट दुसऱ्याच्या हातात देऊन.

काकांना मी यातलं बरंचसं सांगितलं. ते म्हणाले, "बघू तरी काय असतं ते." गेल्या रविवारी वंदनेनंतर आम्ही आठ-दहा जण वीस मिनिटं बसलो. बाराव्या मिनिटाला काकांची मान छातीवर आली, मग हलकं घोरणं सुरू झालं. पोरं हसायला लागली, एकाने त्यांना कोपराने ढोसायला हात पुढे केला. मी त्याला खुणेने थांबवलं. आदल्या रात्री काका सरकारी दवाखान्यात एका बाळंतिणीच्या नातेवाइकांसोबत बसून होते.