नाळेचा डॉपलर आणि आकाशातला वसिष्ठ

गरोदर बाईचे बीपी वाढले, बाळाची वाढ कमी वाटली, की आम्ही चांदूर रेल्वेहून तिला कलर डॉपलरसाठी अमरावतीला पाठवतो. नाळेतले रक्त कसे वाहते ते त्यात कळते. दोन ठोक्यांच्या मधे प्रवाह थांबत असेल किंवा उलटा फिरत असेल, तर बाळ धोक्यात असते. प्रसूती लवकर करायची का, हे ठरवताना त्याची मोठी मदत होते.

हे तंत्र ज्याच्या नावाने ओळखले जाते तो ख्रिश्चन डॉपलर डॉक्टर नव्हता. १८४२ मध्ये प्रागला त्याने वाचलेला निबंध होता जोडताऱ्यांच्या रंगांवर! ताऱ्यांच्या रंगाचे त्याचे स्पष्टीकरण चुकले. तो रंग मुख्यतः तापमानाने ठरतो. तत्त्व मात्र खरे निघाले. लाटा सोडणारी वस्तू जवळ येत असेल तर लाटा दाटतात, लांब जात असेल तर विरळ होतात.

लग्नात अरुंधतीशेजारी दाखवतात तो वसिष्ठ घ्या. दुर्बिणीतून तो दुहेरी दिसतो. त्यातल्या ठळक ताऱ्याच्या वर्णपटातली काळी रेघ कधी एक, तर कधी दुहेरी दिसते, हे हार्वर्ड वेधशाळेच्या एडवर्ड पिकरिंग यांनी १८८९ मध्ये जाहीर केले. म्हणजे त्या एका ठिपक्यातही दोन तारे आहेत. एक आपल्याकडे येतो तेव्हा दुसरा लांब जातो, आणि रेघा सुट्या होतात. त्यांची एक फेरी साडेवीस दिवसांची. चित्रा नक्षत्राच्या ताऱ्यातली जोडी तर याहून जवळची, तिची फेरी चारच दिवसांची. वेग आणि फेरीचा काळ कळला की ताऱ्यांच्या वस्तुमानाचा अंदाज बांधता येतो.

‘याचा उपयोग काय?’ हा प्रश्न आपण मुलांना फार लवकर विचारतो. प्रत्येक संशोधनातून दवाखान्याचे यंत्र निघत नाही, हे मान्य. पण कशातून निघेल, हे आधी सांगता येत नाही. ताऱ्यांकडे पाहणाऱ्या डॉपलरलाही नाळ ठाऊक नव्हती.

म्हणून ‘नीट’च्या धावपळीत भौतिकशास्त्राचे प्रॅक्टिकल केवळ वहीपुरते उरू नये, असे मला डॉक्टर म्हणून वाटते. कॉलेजातला धूळ खाणारा स्पेक्ट्रोमीटर बाहेर काढा. तो नसेल तर जुन्या सीडीवर ट्यूबलाइटचा उजेड तिरपा पाडून मुलांना रंगांचे पट्टे दाखवा. खर्च शून्य आहे.