रॉक-गायकास नायकाची भूमिका द्यावी काय?

संगीत नाटकांतील प्रमुख भूमिका रॉक-गायकास द्यावी कीं नाहीं, हा वाद लंडन व न्यूयॉर्क येथील रंगभूमीवर गेलीं पन्नासांहून अधिक वर्षें चालू आहे. एखाद्या नव्या प्रयोगासाठीं कोणा प्रसिद्ध रॉक-गायकाचें नांव नुसतें सुचविलें गेलें, कीं तत्काळ दोन पक्ष उभे राहतात. एक म्हणतो, रंगभूमि बाटली. दुसरा म्हणतो, आतां तिकिटें हातोहात खपतील. आमच्या मतें दोन्ही पक्ष चुकले आहेत, आणि त्यांत दुसरा अधिक घातक आहे. पहिला केवळ आपलें सोवळें मिरवितो; दुसरा मात्र लायक माणसाच्या ताटांतला घास काढून घेतो.

प्रथम सोवळ्या पक्षाचा विचार करूं. त्याचें म्हणणें असें कीं, रॉक-गायकास आरडाओरडा येतो, गाणें येत नाहीं. ध्वनिक्षेपक काढून घेतला, तर त्याचा आवाज तिसऱ्या रांगेपलीकडे पोंचणार नाहीं. परंतु ज्या रंगभूमीच्या वतीनें हा अभिमान बोलून दाखविला जातो, तिच्यावरचे तालमींत मुरलेले नटही आज केसांत दडविलेल्या इवल्याशा ध्वनिग्राहकावांचून गात नाहींत. मग एकट्या रॉक-गायकानेंच काय पाप केलें आहे?

शिवाय कांहीं नाटकें अशा गळ्यांसाठींच जन्मास आलीं आहेत. अँड्र्यू लॉइड वेबर व टिम राइस यांचें ‘जीझस क्राइस्ट सुपरस्टार’ हें १९७० सालीं प्रथम ध्वनिमुद्रिकेच्या रूपानें बाहेर पडलें. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर तें उभें राहिलें १९७१ सालीं. त्या मुद्रिकेंत ख्रिस्ताचीं पदें ‘डीप पर्पल’ या रॉक-वृंदाचा गायक इयन गिलन यानें गायिलीं होतीं. मरणाच्या आदल्या रात्रीं ख्रिस्त बागेंत एकटाच असून प्रत्यक्ष देवाला जाब विचारीत आहे, असा त्यांत एक प्रसंग आहे. तेथें आवाज तारसप्तकांत चढतो आणि फाटल्यासारखा होतो. हें फाटणें गाण्याचें वैगुण्य नसून त्या प्रसंगाचा अर्थच त्यांत सांठविलेला आहे. घोटीव, गोड गळ्यानें तें पद म्हटलें तर सूर बिनचूक लागेल, पण मरणाला भ्यालेला माणूस ऐकूं येणार नाहीं.

ही गोष्ट मराठी रसिकांस पटवून द्यावयास नको. पुरुषोत्तम दारव्हेकरांचें ‘कट्यार काळजांत घुसली’ हें नाटक १९६७ सालीं रंगभूमीवर आलें, तेव्हां खांसाहेबांची भूमिका पं. वसंतराव देशपांडे यांनीं केली. त्या पात्राला गवयाचाच गळा हवा होता. तेथें गवई आणला म्हणून रंगभूमि भ्रष्ट झाली, असें कोणता शहाणा म्हणेल? मात्र गाणाऱ्याच्या कीर्तीनें नाटक गिळलें म्हणजे काय होतें, हेंही आमच्या रंगभूमीनें अनुभविलें आहे. ‘वन्समोअर’च्या वर्षावांत नायक पदामागून पद आळवीत राही, आणि बिचारें कथानक विंगेंत ताटकळत उभें असे.

येथेंच दुसऱ्या पक्षाचें पितळ उघडें पडतें. त्याला गळा नको आहे, नांव हवें आहे. मैफलींत गायक राजा असतो. मनास वाटेल तें पद गाळतो, स्वर उतरवितो, अर्धें गाणें श्रोत्यांकडूनच म्हणवून घेतो. नाटकांत त्याला दुसऱ्याचे शब्द, दुसऱ्याच्या चाली आणि समोरच्या नटाची वेळ संभाळावी लागते, आणि ब्रॉडवेच्या रिवाजाप्रमाणें आठवड्यांतून आठ वेळां. नांवाच्या जोरावर हें साधत नाहीं. लिंडा रॉन्स्टॅट या गाजलेल्या रॉक-गायिकेनें १९८० सालीं न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्यें गिल्बर्ट व सलिव्हन यांच्या ‘पायरेट्स ऑफ पेन्झन्स’ या जुन्या संगीतिकेंत मेबलची भूमिका केली, आणि ती इतकी वठली कीं पुढें टोनी पारितोषिकासाठीं बाईंचें नामांकन झालें. त्याच बाई १९८४ सालीं पुच्चीनीच्या ‘ला बोएम’मध्यें मिमी म्हणून उभ्या राहिल्या, तेव्हां मात्र टीकाकारांनीं नाकें मुरडलीं. कीर्ति तीच, परिश्रमही तसेच; पण एक भूमिका गळ्यांत बसली, दुसरी बसली नाहीं. कीर्ति पाहून निवड करणाऱ्यांना याचें उत्तर देतां येणार नाहीं.

उलट, ‘सुपरस्टार’चा चित्रपट १९७३ सालीं नॉर्मन ज्यूइसन यांनीं काढला, तेव्हां ख्रिस्ताची भूमिका टेड नीली यानें केली. हाही रॉक-वृंदांतूनच आलेला. पण ब्रॉडवेच्या प्रयोगांत समूहांत उभें राहून आणि मुख्य नटाचा बदली म्हणून तयारी ठेवून त्यानें आपली पात्रता मिळविली होती. पुढें कित्येक वर्षें तो रंगभूमीवर ती भूमिका करीत राहिला. रॉकचा गळा व रंगभूमीची शिस्त यांचें वैर नाहीं, हें सिद्ध करावयास याहून निराळा पुरावा कशाला हवा?

म्हणून आमचें म्हणणें एवढेंच कीं, रॉक-गायकास दार बंद करूं नये आणि त्याच्यासाठीं मागचें दारही उघडूं नये. त्यानें इतर उमेदवारांच्या रांगेंत उभें राहावें, भूमिकेंतील सर्वांत अवघड पद गावें, सर्वांत साधें वाक्य बोलून दाखवावें, आणि उतरला तर मानानें भूमिका घ्यावी. प्रख्यात पाहुणा चार आठवडे येतो, टाळ्या घेऊन जातो. वर्षानुवर्षें तालीम केलेला अनामिक नट त्या काळांत विंगेंतच राहतो, आणि पाहुणा गेल्यावर रिकाम्या खुर्च्यांपुढें गाणें त्याच्याच नशिबीं येतें. हा अन्याय केवळ चालकांचा नव्हे. आपल्याकडेही पडद्यावरचा ओळखीचा चेहरा जाहिरातींत पाहूनच नाटकाचें तिकीट काढणारे प्रेक्षक थोडे नाहींत. चालक नांवें विकतात, कारण आपण नांवें विकत घेतों.