बिऱ्हाडातला उजेड

दिवाळी अंकासाठी लिहा, असे संपादकांचे पत्र आले की त्यात ‘काहीतरी प्रकाशमय’ हे शब्द ठरलेले असतात. एरवी या सदरात मी शब्दांचा कीस काढीत बसते आणि आपण तो गोड मानून घेता. यंदा मात्र मजजवळ खराखुरा उजेड आहे. तो मोजूनमापून घेतलेला आहे, आणि बसवला आहे मी स्वतःच्या हातांनी. तेव्हा वाचकहो, या खेपेला व्युत्पत्ती नाही. वायर, फ्यूज आणि दिव्यांच्या पट्ट्या आहेत.

माझा थोरला भाऊ इंग्लंडात बर्मिंगहॅमजवळ राहतो. नोकरीतून मोकळा होताच त्याने एक जुने मोटारहोम विकत घेतले. मोटारहोम म्हणजे पुढे मोटार आणि मागे घर. दोन पलंग, शेगडी, शीतकपाट, कपाटाएवढे न्हाणीघर, सारे एका डब्यात. वहिनींना ही खरेदी मुळीच पसंत नव्हती. त्यांनी गाडीचे नाव ठेवले ‘बिऱ्हाड’. विंचवाचे असते ना पाठीवर, तसले. नाव रागाने ठेवले होते, पण ते चिकटले, आणि दोन वर्षांत वहिनींनीच तिला पडदे शिवले.

या बिऱ्हाडाच्या छताला ट्यूबलाइटचे चार डबे होते आणि न्हाणीघरात एक लहानसा पाचवा. छतावरच्या प्रत्येक डब्यात फूटभर लांबीच्या, आठ वॉटच्या दोन दोन नळ्या. आपल्या घरातली ट्यूब २३० व्होल्टवर चालते, तिला चोक लागतो, स्टार्टर लागतो. गाडीतल्या बॅटरीजवळ असतात अवघे बारा व्होल्ट, आणि नळीतला वायू पेटवायला तर शेकडो व्होल्ट हवेत. म्हणून प्रत्येक डब्यात नखाएवढ्या सुट्या भागांचे एक मंडल दडवलेले असते. ते बारा व्होल्टना फुगवून शेकड्यांवर नेते आणि विजेची दिशा सेकंदाला हजारो वेळा उलटवते. या कसरतीत थोडी वीज वाटेतच तापून जाते. बॅटरी उतरू लागली की नळी अर्धवट पेटते, तिची टोके काळी पडतात. शिवाय दादाचा रेडिओ दिवे लागताच गुणगुणू लागे, तो वेगळाच.

हे सारे चालून गेले असते. पण दादाला झोपेत श्वास अडकण्याचा विकार आहे. रात्री नाकावर मुखवटा लावून झोपायचे, आणि उशाशी ठेवलेले यंत्र हवेचा दाब देत राहते. एकही रात्र चुकवायची नाही, असे डॉक्टरांनी बजावलेले. गाडीत हे यंत्र त्याच बॅटरीवर चालते, ज्या बॅटरीवर दिवे.

२०२४ साली दिवाळीच्या सुटीला थोडी रजा जोडून मी त्यांच्याकडे गेले. ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात आम्ही तिघे उत्तरेकडे निघालो आणि केझिक गावाजवळ, डरवेंटवॉटर सरोवराच्या अंगाला, एका शेतकऱ्याच्या कुरणात मुक्काम केला. कुरणात नळ होता, विजेची जोडणी नव्हती. सहाच्या सुमारास अंधारून आले. बाहेर पाऊस, आत चारही दिवे. पत्ते झाले, पिठले-भात झाला, सांगलीच्या गप्पा झाल्या. अकराला निजलो.

तीनच्या सुमारास वहिनींना जाग आली ती आवाज थांबल्यामुळे. यंत्र बंद पडले होते. पाठोपाठ दादाच्या घशातून जो घरघर आवाज आला, तो मला अजून ऐकू येतो. आम्ही त्याला उठवून बसवले. मुखवटा काढला, खिडकी उघडली. मीटर लावून पाहिला तो बॅटरी १०.९ व्होल्टवर, म्हणजे तळाला. इंजिन सुरू केले की बॅटरी भरते, म्हणून इंजिन सुरू केले. तर शेजारच्या दोन तंबूंतून विजेऱ्या आमच्यावर रोखल्या गेल्या. अर्ध्या तासाने लाजेखातर बंद केले. उरलेली रात्र दादा उशीला टेकून बसून होता आणि आम्ही दोघी आळीपाळीने त्याच्याकडे पाहत होतो.

सकाळी चहा घेताना दादा म्हणाला, “विकून टाकू या हे बिऱ्हाड.”

वहिनी काही बोलल्या नाहीत. पडद्याच्या काठाची एक सुटलेली दोरी बोटाला गुंडाळत राहिल्या. त्यावरून मला कळायचे ते कळले.

पुढच्या रात्री एका विजेरीच्या उजेडात तिघांनी जेवणे उरकली. “दिवाळी आठ दिवसांवर आली, आणि दिवे मालवून बसायचं!” एवढेच वहिनी म्हणाल्या. दादाने मोठ्या बॅटरीचा विचार केला. लिथियमची घ्यायची तर शेकडो पौंड. छपरावर सौरपट्टी बसवावी, तर त्या मुलखात नोव्हेंबरात सूर्य रजेवर असतो.

आता सांगायला हवे की, सांगलीला आमच्या आप्पांचे रेडिओदुरुस्तीचे दुकान होते. दादा अभ्यासात हुशार म्हणून त्याला दुकानात बसू देत नसत. मला अडवायचे कुणाला सुचले नाही. शाळा सुटली की मी आप्पांच्या शेजारच्या स्टुलावर. त्यामुळे मराठीची एम. ए. होऊनही सोल्डर लावायला माझा हात कचरत नाही. आप्पांचा प्रत्येक बिघाडावर पहिला प्रश्न एकच असे, “कोण किती खातंय?”

तो प्रश्न मी कागदावर मांडला. बॅटरी शंभर अँपिअर-तासांची. पाण्याच्या टाकीचे लिटर, तसे बॅटरीचे अँपिअर-तास समजा. शिशाची बॅटरी अर्ध्याखाली उतरवू नये, तिचे आयुष्य घटते. म्हणजे हाताशी पन्नास, आणि बॅटरी जुनी, म्हणून त्याहून कमीच. दमटपणा देणारा भाग बंद ठेवला तर दादाचे यंत्र रात्रभरात सोळाच्या आसपास खाते. गरम हवेचा पंखा आणि पाण्याचा पंप मिळून सात-आठ. आणि दिवे? प्रत्येक डबा दीड अँपिअर, चार डबे सहा, पाच तास लावले की तीस! दादाचा श्वास आमचा उजेड खात होता, किंवा उलट म्हणा. एलईडीचा डबा पाच वॉटचा केला, तर चारही मिळून पावणेदोन अँपिअरच्या आत आणि पाच तासांना आठ-साडेआठ. उजेड जवळजवळ तेवढाच. कारण नळी चहूकडे प्रकाश फेकते, त्यातला निम्मा डब्याच्या पाठीवर आपटतो. एलईडी समोर पाहते तिकडेच उजळते.

“अगं चिंगे, माझी ट्यूब आत्ता पेटली,” दादा म्हणाला. (हा वाक्प्रचार आता किती दिवसांचा सोबती, कोण जाणे. एलईडी बटण दाबताक्षणी लागते. उशिरा कळणाऱ्याला पुढची पिढी काय म्हणेल? असो, व्युत्पत्ती नाही असे कबूल केले आहे.)

घरी परतलो आणि कामाला लागलो. पहिले काम, बॅटरीचा फ्यूज काढून खिशात ठेवणे. बारा व्होल्टचा झटका बसत नाही म्हणून लोक बेफिकीर राहतात. पण दोन वायर एकमेकींना टेकल्या तर ही बॅटरी क्षणात शेकडो अँपिअर ओतते, वायर लाल होते, आणि भोवती असतात फळ्या, गाद्या नि पडदे. मग नळ्या काढल्या, डब्यातले मंडल काढून टाकले, बॅटरीकडून येणाऱ्या दोन वायर मोकळ्या केल्या. एलईडीला उलटसुलट चालत नाही, धन ते धन आणि ऋण ते ऋण, म्हणून मीटरने खात्री केली. नळ्यांत पारा असतो, त्या कचऱ्यात न टाकता गुंडाळून नगरपालिकेच्या केंद्रावर दिल्या.

इथपर्यंत सारे आप्पांच्या शिस्तीत झाले. चूक पुढे झाली, आणि ती माझी. बाजारात बारा व्होल्टच्या चिकटपट्टीसारख्या एलईडी पट्ट्या मिळतात, अगदी स्वस्त. दादा चांगल्या घेऊ म्हणत होता. मी सांगलीकर. म्हटले, “दिवा तो दिवा, चौपट पैसे कशाला?” चारही डब्यांत त्या चिकटवल्या. प्रकाश निळसर, पांढराफटक. वहिनींनी आत डोकावून विचारले, “वन्सं, ऑपरेशन कुणाचं आहे?”

त्या रात्री गाडी अंगणात उभी, घरच्या विजेवर चार्जर लावलेला, आणि परीक्षा म्हणून दिवे चालू ठेवलेले. नऊ वाजता वहिनी चादरी आणायला गाडीत गेल्या आणि धावत परत आल्या. “काहीतरी जळकं येतंय!” जाऊन पाहतो तो एका डब्यात पट्टीचा गोंद वितळून ती लोंबत होती, तीन दिवे तपकिरी पडले होते आणि वरचे प्लॅस्टिकचे झाकण हाताला चटका देत होते. पेट घेतला नव्हता. पण वहिनींना सर्दी असती तर?

मीटर लावला तेव्हा कारण कळले. चार्जर लागलेला असताना ‘बारा व्होल्ट’ हे बारा नसतात, १४.४ असतात. स्वस्त पट्टीत तीन तीन एलईडी एका ओळीत आणि त्यांच्यापुढे एक रोधक, एवढीच व्यवस्था. तीन एलईडी मिळून नऊ-सव्वानऊ व्होल्ट घेतात. उरलेले पावणेतीन रोधकाने अडवायचे. बाराचे साडेचौदा झाले की रोधकावर पावणेतीनचे पाच पडतात, आणि प्रवाह दीडपटीच्या कितीतरी वर जातो. वरून डबा बंद. आप्पा असते तर बोलले नसते. फक्त चष्म्यावरून पाहिले असते.

मग दादाने आणल्या त्या पट्ट्यांवर १० ते ३० व्होल्ट असे छापलेले होते. त्यांच्यात ‘ड्रायव्हर’ नावाचे छोटे मंडल असते. बॅटरी चढो वा उतरो, ते दिव्याला मोजून तेवढाच प्रवाह देते. पाठीला अ‍ॅल्युमिनियम, उष्णता निघून जायला. आणि रंग निवडला वहिनींनी, ३००० केल्व्हिन, तुपाच्या दिव्याजवळ जाणारा. हा आकडा खाली जावा तसा प्रकाश पिवळा होतो, साडेसहा हजाराला इस्पितळ.

सोल्डर लावता लावता दादा विचारत होता, एलईडीतून पांढरा प्रकाश निघतो कसा? गंमत अशी की, थेट निघत नाही. १९३८ पासून बाजारात असलेल्या ट्यूबमध्ये पाऱ्याच्या वाफेतून अदृश्य अतिनील किरण निघतात आणि काचेला आतून लावलेली भुकटी ते झेलून उजळते. एलईडीतही मूळ प्रकाश निळा, त्यावर पिवळी भुकटी, दोन्ही मिळून पांढरे. हा निळा साधायला फार वर्षे गेली. तो साधणाऱ्या अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ साली नोबेल मिळाले. भुकटी मात्र दोन्हीकडे आहेच. दादाला हे फार आवडले. नवी सून सासूसारखीच निघाली, म्हणाला.

भाऊबीज ३ नोव्हेंबरला होती. वहिनींनी हट्टाने त्याच कुरणात गाडी न्यायला लावली. घड्याळे आदल्या रविवारी तासभर मागे गेली होती, सूर्य साडेचारला मावळला. चारही दिवे लागले ते साडेदहापर्यंत, सहा तास. औक्षण गाडीच्या पायरीवर केले. वाऱ्याने निरांजन दोनदा विझले, तिसऱ्यांदा वहिनींनी पदराचा आडोसा धरला. रेडिओवर कुणीसा गृहस्थ हवामान सांगत होता, शब्द न् शब्द स्वच्छ.

रात्री मी झोपले नाही. खरे म्हणजे तिघेही झोपलो नाही. तीन वाजता वहिनींचा हात अंधारात यंत्रावर होता, मला दिसला. यंत्र चालू होते. मग केव्हातरी दादाला लागली, आणि सकाळी सातला मी मीटर पाहिला, १२.३. वहिनींना आकडा सांगितला. त्यांनी स्वतः वाकून पाहिला, आणि मग चहाचे आधण ठेवले.

न्हाणीघरातला पाचवा दिवा तेवढा राहिला होता, त्याची पट्टी मी निघाल्यावर आली. परवा वहिनींचा फोन आला. “वन्सं, डबा उघडून बसलेय. लाल वायर कुठं जोडायची?”

मी विचारले, “वहिनी, आधी फ्यूज काढलात का?”

पलीकडे क्षणभर शांतता.

“थांबा हं,” वहिनी म्हणाल्या.