वॉर्डातल्या मुलाशी कोण बोलणार?

आज 10 ऑक्टोबर, जागतिक मानसिक आरोग्य दिन. 1992पासून तो पाळला जातो. टेलि-मानसची 14416 ही हेल्पलाइनही 2022 साली याच दिवशी सुरू झाली. स्वामी कुवलयानंदांनी 1924 साली कैवल्यधाम उभारले त्या लोणावळ्यात मनाला उसंत मिळावी म्हणून बाहेरगावची माणसे येत असतात. आज आम्हाला लिहायचे आहे ते इथून बाहेर पडणाऱ्यांविषयी. नाणे मावळ, पवन मावळातून आजारी पोर कडेवर घेऊन कामशेतला लोकल पकडणाऱ्या, औंधचे जिल्हा रुग्णालय किंवा ससून गाठणाऱ्या आयांविषयी.

पोर भाजलेले असते, पाय मोडलेला असतो, फिट येत असतात. त्यावर उपचार होतात, अनेकदा उत्तम होतात. पण ड्रेसिंगची ट्रॉली दिसताच जे पलंगाखाली शिरते, दिवसचे दिवस तोंडातून शब्द काढत नाही, घरी गेल्यावर पुन्हा अंथरूण ओले करू लागते, त्याच्याकडे कोणी बघायचे? सिस्टरांना श्वास घ्यायला फुरसत नसते. आई खचलेली असते आणि रोजंदारीचे खाडे वाढत असतात. हे काम शिकलेल्या माणसाचेच आहे. असा माणूस आधी बाहुलीच्या हाताला पट्टी बांधायला मुलालाच लावतो. ‘दुखणार नाही’ असे खोटे सांगत नाही. ‘थोडे दुखेल, आपण दोघे मिळून आकडे मोजू’ म्हणतो, आणि खरोखर शेवटपर्यंत मोजतो. फिट येणाऱ्या मुलापुढे तो लाकडी फळी ठेवतो. तिच्यातले दहा आकार आपापल्या खाचांत बसवायला मुलाला किती वेळ लागतो, हे तीनदा मोजतो. चांदणी चुकीच्या खाचेत दाबणारा हात त्याला पुष्कळ काही सांगून जातो.

क्लिनिकल सायकॉलॉजी या शास्त्राचा उगमच मुलांपाशी आहे. लाइटनर विटमर यांनी 1896 साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात पहिले मानसशास्त्रीय क्लिनिक उघडले, तेव्हा समोर आलेला पहिला रुग्ण शुद्धलेखनात अडखळणारा शाळकरी मुलगा होता. मुंबईत टाटांच्या समाजकार्य संस्थेने 1937 साली बालमार्गदर्शन केंद्र सुरू केले. कामतांनी बिने यांची बुद्धिमापन चाचणी मराठी आणि कानडी मुलांसाठी बसवली, नागपुरात मालिन यांनी भारतीय मुलांसाठी मापनश्रेणी तयार केली. एवढा वारसा असूनही शिकण्याची वाट आपण अरुंद ठेवली.

मानसशास्त्रात एम.ए. झाल्यावर रुग्णालयात देखरेखीखाली दोन वर्षांचे एम.फिल. आणि भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी, तेव्हा कुठे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवता येत आले आहे. जागा मोजक्या, खासगी विद्यापीठांत फी लाखांत. त्यात विद्यापीठ अनुदान आयोगाने 2022 साली एम.फिल.च बंद केले. या विषयाला 2025-26च्या प्रवेशांपर्यंत तेवढी सवलत मिळाली. मावळातली एखादी हुशार मुलगी एम.ए.नंतर शाळेत समुपदेशक होऊन थांबते, ती आवड कमी पडली म्हणून नव्हे. पुढच्या वर्षांचा खर्च घरच्यांना पेलत नाही.

2015-16च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात 13 ते 17 वयोगटातल्या 7.3 टक्के मुलांना मानसिक विकार आढळले. 2017च्या कायद्यानुसार मानसिक उपचारांसाठी दाखल केलेल्या मुलाला प्रौढांपासून वेगळे ठेवायचे आणि त्याच्याजवळ आपले माणूस पूर्णवेळ राहू द्यायचे. कायदा चांगला आहे. तो वॉर्डात राबवणारी माणसे कुठून आणायची? जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात अख्ख्या जिल्ह्याला एक पथक असते, आणि 2011च्या जनगणनेतच पुणे जिल्ह्याची लोकसंख्या 94 लाखांवर गेली होती.

म्हणून आमची मागणी प्रशिक्षणाच्या जागेविषयी आहे. तळेगावात वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथल्या मुलांच्या वॉर्डात मानसशास्त्राचे प्रशिक्षणार्थी का नसावेत? डॉक्टर होऊ घातलेल्या इंटर्नला विद्यावेतन मिळते, तसे त्यांनाही मिळावे. एम.फिल.च्या जागी जे अभ्यासक्रम येतील, त्यांत काही महिने तालुक्याच्या रुग्णालयात, मराठीतून, मुलांसोबत काम सक्तीचे असावे. ठाकर वस्तीवरच्या मुलाशी बोलायला वर्गातली मराठीही पुरत नाही, ते कान तिथे बसूनच तयार होतात. आणि शिकून आलेल्यांसाठी पदे हवीत. लोणावळ्यात एक आणि वडगावात एक, पूर्णवेळ, मुलांसाठी राखीव, अशी मागणी मावळच्या लोकप्रतिनिधींनी येत्या अधिवेशनात मांडावी.